अर्जाचा रकाना आणि छोटी स्क्रिप्ट : वेबवरील एका सोयीचा इतिहास

वेबपानावरील अर्जाचा रकाना दिसायला अगदी साधा असतो. एक रिकामी चौकट, तिच्याशेजारी ‘नाव’ किंवा ‘पत्ता’ असा शब्द आणि खाली एक बटण, एवढ्या सामग्रीवर रेल्वेच्या तिकिटापासून बँकेच्या खात्यापर्यंतचे व्यवहार आज चालतात. मात्र कर्सर आत येताच उजळणे, अपुरा क्रमांक भरल्यास जागच्या जागी तसे सांगणे, दोन अक्षरे लिहिताच पुढचा शब्द सुचवणे हे या चौकटीचे गुण तिच्यात मुळात नव्हते. ते आले प्रामुख्याने जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्टांमुळे. स्क्रिप्ट म्हणजे वेबपानासोबत येणारा आणि वाचणाऱ्याच्या संगणकावरच, ब्राउझरच्या आत चालणारा सूचनांचा संच. अर्ज भरताना होणाऱ्या चुकीचा भार भरणाऱ्याने वाहायचा की यंत्राने, हा प्रश्न या स्क्रिप्टांच्या इतिहासात सतत डोके वर काढतो, आणि त्याचे प्रत्येक नवे उत्तर आधी कुणीतरी चार-दोन ओळींत लिहून पाहिले आणि मग पुष्कळ वर्षांनी ते वेबच्या मानकांत आले, असे बहुतेक वेळा घडले आहे.

पडद्यावरचा रकाना वेबपेक्षा जुना आहे. आयबीएम कंपनीने १९७१ मध्ये आणलेल्या ३२७० या टर्मिनलांवर, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडदा-कळफलकाच्या जोडीवर, पडदा रकान्यांत विभागलेला असे आणि प्रत्येक रकान्याला गुणधर्म जोडलेले असत. काही रकाने संरक्षित, म्हणजे केवळ वाचण्यापुरते असत. काही केवळ अंकांसाठी राखलेले असत आणि त्यांत अक्षर दाबल्यास कळफलक अडून बसे. भरलेली माहिती मुख्य संगणकाकडे जाई ती एन्टरची कळ दाबल्यावर एकदम, आणि तीही बदललेल्या रकान्यांपुरती. चूक जिथे होते तिथेच अडवावी आणि मुख्य यंत्राला विनाकारण त्रास देऊ नये, हे तत्त्व त्या रचनेत पक्के बसवलेले होते. वेबच्या पहिल्या पिढीने ते घेतले नाही, आणि पुढची वीस वर्षे ते तुकड्यातुकड्याने परत मिळवण्यात गेली.

स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात वेब घडवले, तेव्हा त्याचा हेतू कागदपत्रे वाचण्याचा आणि परस्परांना जोडण्याचा होता. वाचणाऱ्याकडून काही घेण्याची जवळजवळ एकमेव सोय म्हणजे ‘आयएसइंडेक्स’ ही खूण. ती पानावर असली की शोधशब्द लिहायला एक जागा मिळे. एचटीएमएल, म्हणजे वेबपाने लिहिण्याची भाषा, वाढवण्यासाठी डेव्ह रॅगेट यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या ‘एचटीएमएल प्लस’ या प्रस्तावात खऱ्या अर्थाने अर्जाची कल्पना आली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मोझेक या ब्राउझरने भरता येण्याजोगे अर्ज दाखवायला सुरुवात केली. पलीकडच्या बाजूला भरलेला मजकूर एखाद्या प्रोग्रामच्या हाती सोपवण्यासाठी सीजीआय नावाचा संकेत ठरला. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० या मानकात मजकुराचा रकाना, पासवर्डचा रकाना, निवडीच्या चौकटी व गोल बटणे, यादी, मोठ्या मजकुराची जागा आणि ‘सबमिट’चे बटण असा सगळा संसार मांडलेला दिसतो. त्यात मजकुराच्या रकान्यावर घालता येणारे बंधन मात्र एकच होते: जास्तीत जास्त किती अक्षरे. अंकच हवेत, रकाना रिकामा चालणार नाही, तारीख खरी असावी, यांपैकी काहीही सांगण्याची तरतूद त्यात नव्हती.

परिणामी साध्यातली साधी चूक कळायलाही पूर्ण अर्ज सर्व्हरपर्यंत, म्हणजे पान पुरवणाऱ्या दूरच्या संगणकापर्यंत, जाऊन परत यावा लागे. टपालाने धाडलेला अर्ज त्रुटीचा शेरा मारून परत यावा तसाच हा प्रकार होता, आणि परत आलेल्या पानावर आधी भरलेले रकाने पुष्कळदा कोरे झालेले असत, कारण ते पुन्हा भरून दाखवण्याचे कष्ट प्रोग्राम लिहिणाऱ्याने घेतलेले नसत. ज्या काळात टेलिफोनच्या तारेवरून मोडेमच्या मदतीने जोडणी मिळे आणि मिनिटामिनिटाला पैसे पडत, त्या काळात ही फेरी महाग होती. भारतात मुंबईत मुख्यालय असलेल्या विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा स्वस्तातले खाते केवळ मजकूर दाखवणारे होते. अशा खात्यावर लिंक्ससारख्या मजकुरी ब्राउझरमधून अर्ज भरता येई, पण तिथे स्क्रिप्ट चालत नसे. हा वर्ग पुढेही अनेक वर्षे होता आणि स्क्रिप्टविना जे चालत नाही ते त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही, ही गोष्ट अर्ज बनवणाऱ्यांच्या लक्षात फार उशिरा आली.

नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत एका लहानशा भाषेचा पहिला आराखडा तयार केला. आधी मोचा, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि ४ डिसेंबर १९९५ च्या घोषणेपासून जावास्क्रिप्ट अशी तिची नावे बदलत गेली. १९९६ च्या सुरुवातीस नेटस्केप नॅव्हिगेटर २.० सोबत ती लोकांच्या हाती आली, तेव्हा पानावरील इतर मजकुराला ती जवळजवळ हातच लावू शकत नव्हती. अर्जातील रकान्यांपर्यंत मात्र तिचा हात पोहोचत होता. रकान्यातील मजकूर वाचणे, तो बदलणे आणि काही ‘घटनां’वर, म्हणजे भरणाऱ्याच्या कृतींवर, लक्ष ठेवणे तिला जमे. रकान्यात कर्सर येणे म्हणजे फोकस, तो बाहेर जाणे म्हणजे ब्लर, मजकूर बदलून पुढे सरकणे म्हणजे चेंज आणि अर्ज पाठवणे म्हणजे सबमिट अशा या घटना होत्या. सबमिटच्या वेळी स्क्रिप्टने ‘फॉल्स’, म्हणजे नकार, असे उत्तर दिले की अर्ज जागेवरच थांबे. पुढच्या दशकभरातील बहुतेक तपासण्या या एका सोयीवर उभ्या राहिल्या.

त्या पहिल्या तपासण्यांची साधनसामग्री तुटपुंजी होती. मजकुराचा साचा वर्णन करून तो जुळतो का हे पाहण्याची पद्धत, जिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, ती जावास्क्रिप्टमध्ये १९९७ साली आली. प्रत्येक कळ दाबल्याची वर्दी देणाऱ्या घटनाही नॅव्हिगेटरमध्ये त्याच सुमाराच्या. त्याआधी ईमेल पत्ता तपासणे म्हणजे त्यात ‘अॅट’ची खूण आणि तिच्यानंतर एखादा बिंदू आहे की नाही एवढेच पाहणे. चूक सापडली की ती सांगायला ‘अलर्ट’ची खिडकी असे; ती उघडली की बाकी सगळे गोठून जाई आणि ‘ओके’ दाबल्याशिवाय सुटका नसे. सर्वांत वाईट अवस्था ओढवे ती तपासणी ब्लरवर टांगल्यावर. नावाचा रकाना कोराच ठेवून कर्सर पत्त्याच्या रकान्यात गेला की नावाच्या रकान्याची स्क्रिप्ट खिडकी दाखवून कर्सर माघारी आणे. त्यामुळे पत्त्याचा कोरा रकाना सोडला गेला असे ठरे, त्याचीही स्क्रिप्ट खिडकी दाखवून कर्सर स्वतःकडे ओढे, आणि दोन रकान्यांची ही ओढाताण ब्राउझर बंद करेपर्यंत चाले. भरणाऱ्याने यात काहीही चुकीचे केलेले नसे. क्रमाने एकेक रकाना पूर्ण करतच पुढे गेले पाहिजे ही अपेक्षा लिहिणाऱ्याची होती, आणि माणसे अर्ज तसा भरत नाहीत.

याच काळात एक गोष्ट ठसवून सांगावी लागली, जी आजही पुन्हा पुन्हा सांगावी लागते: ब्राउझरमधील तपासणी ही भरणाऱ्याची सोय आहे, सर्व्हरचे संरक्षण नव्हे. स्क्रिप्ट दुसऱ्याच्या संगणकावर चालत असल्याने ती बंद करता येते किंवा टाळून थेट सर्व्हरकडे हवे ते पाठवता येते. खरेदीच्या पानांवर वस्तूची किंमत ‘हिडन’ म्हणजे न दिसणाऱ्या रकान्यात ठेवून तीच प्रमाण मानणारी दुकाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस होती, आणि ती किंमत बदलून अर्ज पाठवता येतो हे उघडकीला आले तेव्हा हा धडा महागात शिकला गेला. सोय म्हणून मात्र स्क्रिप्ट फार मोलाची ठरली, आणि क्रमांकांच्या बाबतीत ते विशेष जाणवते. बँकांच्या कार्डांवरील क्रमांकाचा शेवटचा अंक आयबीएमचे हान्स पीटर लून यांच्या सूत्राने ठरतो, त्यामुळे एखादा अंक चुकला की पाच-सहा ओळींची स्क्रिप्ट सर्व्हरला न विचारता ते सांगू शकते. आधार क्रमांकाचा बारावा अंकही असाच पडताळणीचा आहे. ज्याचे वाटप २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभलीपासून सुरू झाले त्या या क्रमांकासाठी डच गणिती फेरहूफ यांचे १९६९ चे सूत्र वापरलेले आहे, आणि शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल लूनच्या सूत्रातून क्वचित निसटते तशी यातून निसटत नाही.

उलट जिथे सूत्र नसते तिथे लिहिणाऱ्याची गृहीतकेच सूत्राच्या जागी बसतात. अमेरिकेत लिहिलेले अर्ज पोस्टाच्या क्रमांकाला पाच अंक धरून चालत, आणि श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला, १५ ऑगस्ट १९७२ पासून भारतात लागू असलेला सहा अंकी पिनकोड अशा रकान्यात मावतच नसे. पाचवा अंक पडताच कर्सर आपोआप पुढच्या रकान्यात ढकलणारी स्क्रिप्ट असली की सहावा अंक तिसऱ्याच ठिकाणी जाऊन पडे. आपोआप पुढे सरकण्याची ही युक्ती टेलिफोन क्रमांकाचे तीन तुकडे करणाऱ्या अर्जांत फार लोकप्रिय होती. मागे येऊन दुरुस्ती करू पाहणाऱ्याला ती पुन्हा पुन्हा पुढे लोटत असे, आणि तिने वाचवलेल्या एका टॅबच्या कळेची किंमत तेवढी नक्कीच नव्हती.

रकान्याला सुधारणाऱ्या सर्व युक्त्यांमध्ये सर्वाधिक पसरलेली युक्ती म्हणजे आतला सूचक मजकूर. शोधाच्या चौकटीत आधीपासून ‘येथे शोधा’ असे लिहिलेले असे, कर्सर आत येताच ते पुसले जाई आणि काहीही न लिहिता कर्सर बाहेर गेला तर परत उमटे. स्क्रिप्ट दोनच वाक्यांची होती: फोकसच्या वेळी रकान्यातील मजकूर मूळचाच असेल तर रकाना रिकामा कर, ब्लरच्या वेळी रिकामा असेल तर मूळ मजकूर परत ठेव. पहिल्या वाक्यातील अट विसरणारी पाने काही कमी नव्हती, आणि तिथे भरणाऱ्याने लिहिलेला मजकूरही दुसऱ्यांदा आत येताच पुसला जाई. अट पाळली तरी मूळ दोष राहतच असे, कारण ब्राउझरच्या दृष्टीने तो सूचक मजकूर म्हणजे भरलेला मजकूरच होता; अर्ज तसाच पाठवला तर सर्व्हरकडे नाव म्हणून ‘आपले नाव लिहा’ हेच शब्द पोहोचत. विशेष म्हणजे या युक्तीला सुलभतेचा आधारही होता. मे १९९९ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या मानकसंस्थेने अपंग व्यक्तींसाठी वेब सुलभ व्हावे म्हणून जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत रिकामे रकाने ब्राउझर नीट हाताळू लागेपर्यंत त्यांत काही मजकूर ठेवावा, असा सल्ला होता. तो सल्ला तेव्हाच्या साधनांसाठी रास्त होता. साधने बदलल्यावरही युक्ती टिकून राहिली आणि रकान्याचे नाव बाहेर लिहायचे टाळून केवळ आत लिहिण्याची वाईट सवय तिने लावली.

फोकसच्या घटनेवर उभी राहिलेली दुसरी युक्ती अधिक निर्दोष होती. लांबलचक अर्जात आपण कुठे आहोत हे दिसावे म्हणून कर्सर असलेला रकाना उजळवण्याची सोय सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेत, उपलब्ध होती. परंतु २००१ साली आलेल्या आणि दीर्घकाळ सर्वाधिक वापरात असलेल्या इंटरनेट एक्स्प्लोरर ६ ला ती समजत नव्हती आणि मार्च २००९ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत त्या ब्राउझरने ती शिकली नाही. तोवर फोकसला रकान्याला एक खूण चिकटवणे आणि ब्लरला ती काढणे हे काम स्क्रिप्टने केले. कळफलकावरूनच सर्व काही करणाऱ्यांसाठी ही केवळ शोभा नव्हती. त्याच जातीची तिसरी युक्ती पान उघडताच कर्सर पहिल्या रकान्यात नेऊन ठेवण्याची होती, आणि तिचा वाईट प्रसंग प्रवेशाच्या पानांवर दिसे: पान मंदगतीने उतरत असताना माणूस पासवर्ड लिहायला लागलेला असे, तेवढ्यात स्क्रिप्ट जागी होऊन कर्सर वरच्या रकान्यात उचलून नेई आणि पासवर्डचा उत्तरार्ध सर्वांना दिसेल असा उमटे.

अशा अनुभवांतून २००२-०३ च्या सुमारास एक विचार आकाराला आला. आधी अर्ज स्क्रिप्टविना पूर्ण चालेल असा बांधावा आणि मग ज्यांच्या ब्राउझरला झेपेल त्यांच्यासाठी सोयी चढवाव्यात, या पद्धतीला स्टीव्हन चॅम्पियन आणि निक फिंक यांनी मार्च २००३ मध्ये प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट असे नाव दिले. तोवर रकान्याच्या खुणेतच कोंबलेल्या स्क्रिप्टच्या ओळी आता वेगळ्या फाइलमध्ये गेल्या. २००६ मध्ये जॉन रेसिग यांचे जेक्वेरी हे तयार स्क्रिप्टांचे भांडार आल्यावर ब्राउझरांमधील फरकांशी झगडण्याचे कामही पुष्कळसे संपले. डिसेंबर २००४ मध्ये गूगलने लिहिता लिहिता शोधशब्द सुचवणारी चौकट प्रयोगादाखल मांडली होती. पान न बदलता सर्व्हरशी बोलण्याची जी क्षमता तिच्यामागे होती ती इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये १९९९ पासूनच होती, परंतु रकान्यासाठी तिचा उपयोग काय हे त्या चौकटीने लोकांना दाखवले.

मानकांच्या बाजूला मात्र बराच काळ भलतीकडेच वाटचाल चालू होती. डब्ल्यूथ्रीसीने ऑक्टोबर २००३ मध्ये एक्सफॉर्म्स नावाचे अर्जांचे नवे, आखीवरेखीव मानक संमत केले, पण ते चालू ब्राउझरांत चालत नव्हते. जून २००४ मधील एका कार्यशाळेत ऑपेरा आणि मोझिला या ब्राउझर बनवणाऱ्यांनी आहे त्याच एचटीएमएलमध्ये भर घालण्याचा प्रस्ताव ठेवला. तो नाकारला गेल्यावर काही दिवसांतच त्यांनी अॅपलसोबत व्हॉटडब्ल्यूजी हा स्वतंत्र गट काढला. इयन हिक्सन यांनी संपादित केलेला ‘वेब फॉर्म्स २.०’ हा मसुदा या गटाच्या पहिल्या कामांपैकी होता, आणि तोच पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये संमत झालेल्या एचटीएमएल ५ मध्ये सामावला. त्यातील अर्जांचा भाग वाचताना मागच्या दशकातील स्क्रिप्टांची यादीच वाचतो आहोत असे वाटते: अनिवार्य रकान्यासाठी ‘रिक्वायर्ड’, साच्यासाठी ‘पॅटर्न’, सूचक मजकुरासाठी ‘प्लेसहोल्डर’, पहिल्या कर्सरसाठी ‘ऑटोफोकस’, सूचनांसाठी ‘डेटालिस्ट’. प्लेसहोल्डरचा मजकूर सर्व्हरकडे जात नाही, या एका फरकाने जुन्या युक्तीचा मोठा दोष मिटला. ईमेल, टेलिफोन, तारीख असे रकान्यांचे प्रकारही आले, आणि फोनवर त्या त्या प्रकाराला साजेसा कळफलक उघडू लागला.

चूक कधी दाखवायची, हे मानकाला लगेच साधले नाही. चुकीचा रकाना लाल करण्याची जी सोय सीएसएसमध्ये आली ती अनिवार्य रकान्याला पान उघडताच, माणसाने काही लिहिण्याआधीच, चुकीचा ठरवत असे. वास्तविक ल्यूक रोब्लेव्हस्की यांनी २००९ मध्ये २२ जणांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष उपलब्ध होते: जागच्या जागी सांगणाऱ्या अर्जात चुका २२ टक्क्यांनी आणि वेळ ४२ टक्क्यांनी घटला, आणि लिहिणे चालू असताना टोकण्यापेक्षा रकाना सोडल्यावर सांगणे लोकांना बरे वाटले. काही काळ ही समज पुन्हा स्क्रिप्टांनाच पुरवावी लागली. माणसाने रकाना हाताळल्यानंतरच लाल होण्याची सोय सर्व प्रमुख ब्राउझरांत २०२३ अखेर पोहोचली.

मराठी लिहिणाऱ्यांच्या वाट्याला या इतिहासाचे एक वेगळे प्रकरण आले. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरीची सोय होती, पण ती सुरू करायला मूळ सीडी लागे, आणि सायबर कॅफेतल्या किंवा कार्यालयातल्या संगणकावर तो अधिकार बहुधा नसे. यावर तोडगा निघाला तो रकान्यातच. मराठी संकेतस्थळांनी लिहिण्याच्या चौकटीला अशी स्क्रिप्ट जोडली जी रोमन कळा उच्चारानुसार देवनागरीत बदलत जाई. ‘गमभन’ हे त्यांतले सुपरिचित नाव. ‘के’ची कळ दाबली की ‘क्’ उमटे, त्यावर ‘ए’ दाबली की हलन्त निघून ‘क’ होई, पुन्हा ‘ए’ दाबली की ‘का’. म्हणजे प्रत्येक कळेला स्क्रिप्टला कर्सरच्या मागचे अक्षर पाहून ते बदलावे लागे, आणि कर्सर कुठे आहे हे विचारण्याची रीत इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये एक तर मोझिलात दुसरी होती. हे न सांभाळणाऱ्या स्क्रिप्टमध्ये वाक्याच्या मधोमध एखादी वेलांटी सुधारायला गेले की नवे अक्षर थेट शेवटी जाऊन बसे. तरीही वेबवर मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतात, लिहिली जाऊ लागली त्यात या रकान्यांचा वाटा मोठा आहे, आणि तो कोणत्याही मानकाने किंवा मोठ्या कंपनीने दिलेला नव्हता. मराठी विकिपीडियावरही पुढे अशीच टंकनाची सोय बसवली गेली. अँड्रॉइड फोन आल्यावर ही पद्धत कोलमडली, कारण पडद्यावरचा कळफलक बहुतेक कळांसाठी स्क्रिप्टला २२९ हा एकच क्रमांक कळवतो आणि नेमकी कोणती कळ दाबली ते तिला समजत नाही. सुदैवाने तोवर मराठी कळफलक फोनमध्येच येऊ लागले होते.

लिहिण्याची अडचण सुटली, तपासणीची मात्र राहिली. नावाच्या रकान्यात केवळ ‘ए’ ते ‘झेड’ चालतील असा साचा आजही सर्रास आढळतो, आणि असा अर्ज मराठी माणसाला त्याचे नाव मराठीत लिहू देत नाही. कोणत्याही लिपीतील अक्षर ओळखणारा साचा जावास्क्रिप्टमध्ये २०१८ साली आला, पण युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही अक्षरे नसून ‘मार्क’, म्हणजे जोडचिन्हे, आहेत. त्यामुळे केवळ अक्षरे चालतील असे लिहिल्यास ‘रमण’ स्वीकारला जातो आणि ‘रमा’ नाकारली जाते. दोन्ही वर्ग लिहिले की हे सुटते, आणि लांबीचा प्रश्न उभा राहतो. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव वाचणाऱ्याला चार अक्षरांचे आहे. रकान्याची मर्यादा मोजणाऱ्या ब्राउझरला ते दहा चिन्हांचे आहे आणि यूटीएफ-८ या पद्धतीने साठवणाऱ्या सर्व्हरवर ते तीस बाइट व्यापते. माणसाला दिसणारी अक्षरे मोजण्याचे साधन जावास्क्रिप्टला मिळाले तेव्हा तेही जोडाक्षरे हलन्तापाशी तोडून याच नावाची सहा अक्षरे मोजत असे, आणि देवनागरीची जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या सप्टेंबर २०२३ च्या आवृत्तीत आला. त्यामुळे ब्राउझर जुना आहे की नवा यावर हे उत्तर अवलंबून राहते, आणि नावाच्या रकान्याला मर्यादा घालणाऱ्याने ती चारांच्या हिशेबाने घालायची, दहांच्या की तिसांच्या, हे त्याला अजून स्वतःच ठरवावे लागते.